चतुराबाईचं कुलूप

निघोज्यात चतुराबाईच्या दारातून उपाशी गेलेला माणूस शोधायचा म्हटला असता, तर शोधणाऱ्यालाच आधी तिथं जेवायला बसावं लागलं असतं. पाव्हणा असो, गोसावी असो, चुकलेलं म्हसरू हुडकत आलेला परगावचा गडी असो, बाई आधी ताट वाढायची आणि नाव-गाव मागून विचारायची. जेवणारा 'पुरे' म्हणाला की तिला ती शिवी वाटे. "पुरे म्हंजी? माझ्या हाताला चव न्हाई व्हय?" असं म्हणत ती अर्धी भाकरी आणखी टाकायचीच. तिचा नवरा लवकर गेला. एकुलत्या एका खंडूला तिनं इंद्रायणीकाठच्या रानात कांदे काढून वाढवलं. खंडू पुढं पिंपरीच्या एका कंपनीत लागला, सायकलवरून शिफ्टला जाऊ लागला, पण म्हातारीनं रान सोडलं नाही आणि वाढण्याचा सोसही सोडला नाही.

अशा घरात जाई जन्माला आली, आणि तिला दूध ओढता येईना.

सुईण दुर्गाबाईनं पोर उलटं धरलं, पाठीवर थापटलं, कांदा फोडून नाकाशी धरला. तेव्हा कुठं मांजराच्या पिलाएवढा आवाज निघाला. हात उचलून सोडला की तो खाली पडे. पाय धरले की ते दोन बाजूंना फाकत. अंघोळ घालायला पाय पसरून त्यांवर पोर पालथी घातली, तर ती ओल्या फडक्यासारखी दोन्ही बाजूंनी लोंबायला लागली. सगळ्या गावाची पोरं त्या पायांवर न्हालेली, पण दुर्गाबाईचेही हात त्या दिवशी थबकले.

"चतुरे, जीव हाय, पर जोर न्हाई," ती म्हणाली.

खंडूच्या बायकोचं, मंजुळाचं, ऊर दुधानं दाटून दगड झालं. ती तापानं फणफणली. पोरीला पदराखाली घ्यावं, तर ती दोनदा ओठ हलवी आणि झोपून जाई. भुकेसाठी रडतसुद्धा नव्हती. न रडणाऱ्या पोराचं दुःख रडणाऱ्या पोरापेक्षा जड असतं, हे त्या घराला तेव्हा कळलं. पाचवी पुजली त्या दिवशी दुर्गाबाई उंबऱ्यात बसून हळूच म्हणाली, "पोरीची जात हाय. तिला जायाचंच असंल तर लई अडवू नगंस."

चतुराबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "माझ्या दारातनं कुत्रं उपाशी गेलं न्हाई," ती म्हणाली. "आन् माझी नात जाईल?"

तिनं फडताळातून पितळेचं बोंडलं काढलं. मंजुळाचं दूध वाटीत पिळून घ्यायचं, बोंडल्यानं थेंबाथेंबानं पोरीच्या गालात सोडायचं, आणि ती गिळेपर्यंत एका बोटानं गळा वरून खाली चोळत राहायचं. घाई केली की ठसका. ठसका लागला की पोर निळी पडे आणि चतुराबाईचा जीव गोळा होई. एक पाजणं संपेतो दुसरं सुरू करायची वेळ येई. चुलीवरचं कोरड्यास करपे, म्हैस हंबरून हंबरून गप्प होई, रानात कांद्याच्या वाफ्यांत तण माजे. शेजारणी म्हणत, "म्हातारी खुळावली." म्हातारी मान वर करून बघतसुद्धा नसे.

पोर जगली. नाव ठेवलं जाई.

जाई सगळंच उशिरा करायला लागली. तिच्या बरोबरीची पोरं रांगत होती तेव्हा ती मान धरायला शिकत होती. ती बसायला लागली तेव्हा ती पोरं नदीपर्यंत पळत होती. कडेवर घेतलं की इतर पोरं माकडागत चिकटतात, ही चिकटायची नाही. हातांतून खाली खाली घसरत जायची, आणि घसरता घसरता हसायची. म्हणून चतुराबाई तिला जुन्या लुगड्यानं पाठीशी बांधूनच रानात न्यायची. सुतारानं पांगुळगाडा करून दिला होता. तो इतर घरांत वरीसभर पुरतो, जाईनं त्याची चाकं झिजवली. पडली तरी रडायची नाही. 'आजी, पल्ले' एवढंच सांगायची आणि उचलायची वाट बघत तिथंच बसून राहायची. इतकं गोड पोर, की तिच्या पडण्याचासुद्धा राग यायचा नाही.

आणि मग, पांगुळगाडा सुटून ती डुलत डुलत चालायला लागली त्या सालात, एका दुपारी जाईनं ताटलीतला काला संपवला, ताटली चाटली आणि ती पुढं केली.

"आजी, आनकी."

चतुराबाईनं तिच्याकडं बघितलं. मग ती उठून गोठ्यात गेली, म्हशीच्या मानेवर डोकं टेकलं आणि ओक्साबोक्शी रडली. संध्याकाळी तिनं गल्लीत गूळ वाटला. "काय झालं, चतुराबाई?" बायका विचारत. "नात जेवली!" ती सांगे. नातवाचं बारसंसुद्धा कुणी इतक्या थाटात सांगितलं नसेल.

त्यानंतर दोन वर्षं त्या घरात सण होता. जाईनं मागावं आणि आजीनं वाढावं. ताकभात, दूधभाकर, तुपाची धार, शेंगदाण्याचं कूट. ज्या पोरीच्या गालात थेंब थेंब सोडला, ती आता भाकरी मोडून खात होती, आणि चतुराबाई समोर बसून घासाघासाला स्वतःचंच तोंड हलवत होती. पोरीचे गाल भरले. पोट पुढं आलं. हातपाय मात्र बाहुलीचे राहिले, एवढे एवढेसे. गाव म्हणालं, म्हातारीचे हात गुणाचे.

गंमत गंमत म्हणताना गोष्ट कधी हाताबाहेर गेली ते सगळ्यांत आधी मंजुळाच्या ध्यानात आलं. जाई जेवून उठायची आणि शेजारच्या चुलीपुढं जाऊन बसायची. देवापुढचा नैवेद्य देवाआधी खायची. वखारीतले कांदे सालीसकट चावायची आणि डोळ्यांतून पाणी गळत असताना हसायची. चालली की धापा टाकायची, बसल्या जागी झोपायची, झोपली की एवढी घोरायची की गोठ्यात म्हैस कान टवकारायची. घोरता घोरता मध्येच श्वास थांबायचा, आणि मंजुळा अंथरुणात उठून बसायची.

खंडूनं कंपनीच्या दवाखान्यात विचारलं. तिथल्या डॉक्टरांनी पुण्याला मोठ्या दवाखान्यात, पोरांच्या डॉक्टरांकडे धाडलं. खंडू, मंजुळा आणि जाई निघाली, तर चतुराबाईही लुगडं बदलून एसटीत चढून बसलेली. डॉक्टर पोक्त, हळू बोलणारे होते. त्यांनी जाईला निजवलं, तिचा हात उचलला आणि सोडला. हात थपकन पडला. त्यांनी तिचे तळवे बघितले, गुडघे वाकवले, डोळे निरखले. मग चतुराबाईकडं वळून म्हणाले, "आजी, ही जन्मली तेव्हा अगदी लुळी होती का? रडायची नाही? दूध ओढायची नाही?"

"तुमाला कुनी सांगितलं?" चतुराबाई चमकून म्हणाली.

"हिनंच सांगितलं." डॉक्टर जाईच्या पोटावर हात ठेवून बसले. "हा जन्माबरोबर आलेला दोष आहे. पुस्तकात वाचला होता, डोळ्यांनी आज पहिल्यांदा पाहतोय. अशा मुलांच्या स्नायूंना जोर नसतो. आधी दूधही ओढवत नाही. मग तीन-चार वर्षांची झाली की भूक लागते, आणि ती भागतच नाही. पोट भरलं हे डोक्याला कळत नाही. अंगात ताकद कमी म्हणून अन्न जळतही कमी. इतर मुलांच्या निम्मं खाल्लं तरी हिला ते पुरतं. जास्त खाल्लं की अंगावर बसतं, आणि श्वास कोंडतो."

"औषिद?" खंडूनं विचारलं.

"औषध नाही. मोजून खायला द्या, अन्न तिच्या हाती लागू देऊ नका, आणि रोज चालवा. जितकी चालेल तितका अंगात जोर राहील. यातलं काही चुकलं तर ही मुलगी मोठी होणार नाही."

मंजुळानं मान हलवली. चतुराबाई मात्र एकाच ठिकाणी अडकली होती. "म्हंजी ही जेवून उठली तरी उपाशीच?"

"तिला तसं वाटतं, होय."

"कायम?"

डॉक्टरांनी जाईला उठवून बसवलं. म्हातारीनं जाईच्या झग्याची बटणं लावली. परतीच्या वाटेवर एसटीत जाई आजीच्या मांडीवर झोपली होती आणि आजी खिडकीबाहेर बघत बसली होती.

घरी आल्यावर मंजुळानं जाईचं ताट आखून दिलं. अर्धी भाकरी, पालेभाजी भरपूर, पातळ ताक. जाई मागायची, रडायची, जमिनीवर लोळायची. मंजुळा दात खाऊन उभी राही. आणि चतुराबाई गोठ्यात शेण काढायला म्हणून निघायची, तेव्हा पदराखाली भाकरी असे. "खा बाय, आईला सांगू नगंस," असं म्हणून ती पोरीला गव्हाणीआड बसवी. जाईच्या तोंडाला लागलेलं तिखट मंजुळाला दिसलंच एक दिवस.

"आत्याबाई, डाक्टरनं सांगितलं ते तुमीबी आयकलंय."

"आयकलंय. त्यो डाक्टर उपाशी झोपलाय व्हय कवा? आमी झोपलोय. भूक काय असती ते मला नगं शिकवू."

"मी तिची आई हाय. मला काय हौस हाय?"

"गाव काय म्हंतंय ठावं हाय का? सख्खी आई हाय का सावत्र, म्हंतंय."

मंजुळानं शेणाची पाटी उचलली आणि ती बाहेर गेली. परसात पाटी पालथी करून ती तिच्यावरच बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. चतुराबाईला ते दिसलं. वाईटही वाटलं. पण दुसऱ्या दिवशी पदराखालची भाकरी चुकली नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. आदल्या सालीही पाऊस कमीच होता, या साली त्यानं तोंडच दाखवलं नाही. नदीत नुसते डोह राहिले. कांद्याचं रोप वाफ्यात जळालं. रेशनवर परदेशातला लाल जोंधळा, मिलो आला, त्याची भाकरी खाताना घशाला चरे पडत. चाकणच्या अंगाला पाझर तलावाचं काम निघालं आणि अर्धं निघोजे पाट्या-टिकाव घेऊन तिकडं जायला लागलं. खंडूचा कंपनीचा पगार होता, पण भाव असे चढले की मंजुळाही कामावर निघाली. जाईला राखायला चतुराबाई घरी राहिली.

एका सकाळी म्हातारीचा गोठ्यात जरा डोळा लागला. म्हशीसाठी घमेल्यात सरकी-पेंड भिजत घातलेली होती. जागी होऊन बघते तर घमेलं रिकामं, आणि जाई त्याच्याशेजारी पाय फाकून बसलेली. पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं. ओठ जांभळे. ती आजीकडं बघून हसायला गेली, पण तिला श्वास पुरेना.

चतुराबाईनं तिच्या घशात बोटं घातली. ओकारी येईना. पाठीवर थापट्या मारल्या. येईना. तसं त्या पोरीला तान्ही असतानाही कधी ओकता आलं नव्हतं, गिळलेलं आतच राही. म्हातारीनं लुगड्यानं तिला पाठीशी बांधलं. पूर्वी पोर हलकी होती, आता भरल्या पोत्याएवढी जड झालेली. वाकून, अनवाणी, फुफाट्यातून चतुराबाई सडकेपर्यंत आली तेव्हा खडीचा ट्रक चालला होता. कामावरचा मुकादम मारुतराव पुढं बसलेला. त्यानं दोघींना वर घेतलं.

"काय झालं, मावशे?"

"लई खाल्लं," चतुराबाई म्हणाली. दुसरं काही तिला सुचलंच नाही.

मारुतराव वाईट माणूस नव्हता, पण तोंडाचा फाटका. चाकणच्या दवाखान्यात नळी घालून पोरीचं पोट रिकामं केलं, ती वाचली, आणि त्याच दुपारी कामावरच्या सगळ्या बायांना कळलं, की गाव मिलो चघळतंय आणि चतुराबाईची नात खाऊन खाऊन मरायला टेकली होती.

दवाखान्याच्या ओसरीवर मंजुळा धावत आली. कामावरची माती तिच्या अंगावर तशीच होती. चतुराबाई भिंतीला टेकून बसली होती. सून काहीतरी बोलेल, चार शब्द सुनावेल, अशी तिची अपेक्षा होती, नव्हे, इच्छाच होती. मंजुळानं नुसतं विचारलं, "आत्याबाई, तुमी सकाळपासनं काय खाल्लंय का?"

त्या प्रश्नानं म्हातारी मोडली. "मंजुळे," ती म्हणाली, "म्याच मारत व्हते गं तिला. माझ्या हातांनी."

चाकणच्या बाजारातून घरी जाताना चतुराबाईनं एक कुलूप घेतलं. लोखंडी, चांगलं मुठीएवढं. ज्या घराची कडी दिवसा कधी लागली नव्हती, त्या घराच्या आतल्या खोलीला तिनं ते लावलं. मिलो, कांदे, गूळ, तेल, म्हशीची पेंडसुद्धा आत. किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात. शिळ्या भाकरीचं टोपलंही आत गेलं.

जाई दाराशी उभी राहिली. "आजी, भाकर."

"न्हाई," चतुराबाई म्हणाली.

तो शब्द तिच्या तोंडून बाहेर पडायला एवढी वर्षं लागली होती. जाईला वाटलं आजी थट्टा करते. ती हसली. मग तिनं आजीचा पदर चाचपला. मग ती किंचाळली, आजीच्या हाताला चावली, उंबऱ्यावर डोकं आपटायला लागली. चतुराबाईनं तिच्या डोक्याखाली आपला तळहात धरला आणि ती ढळली नाही. पोरीच्या ताटात जेवढं, तेवढंच आपल्या ताटात, असं तिनं त्या दिवसापासून ठरवून टाकलं. खंडू रागावला, "आये, तू कशापायी सुकतीस?" तर म्हणाली, "दोघी मिळून उपाशी असलं की जरा सोपं जातं."

चालवायचं म्हणून तिनं जाईला घेऊन स्वतःही कामावर जायला सुरुवात केली. वाटेत जाई बसे, रुसे, पायांत जोर नाही म्हणून अडखळे. चतुराबाई कधी गाणं म्हणून, कधी शिव्या घालून तिला पुढं काढी. जाई तळ्यावर पोचायची तेव्हा घामाघूम झालेली असायची, पण पोचायची. हळूहळू तिला धाप कमी लागायला लागली. मंजुळा आणि चतुराबाई एकमेकींकडं बघून कुणाला न दिसेल असं हसत.

पण कामावर पोरांना सुकडी वाटत. भाजलेल्या पिठाची, गुळाची, खमंग वासाची. जाई रांगेत उभी राहिली की चतुराबाई तिला हाताला धरून बाहेर काढायची. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. सोजरबाई म्हणून एक बाई होती, नवऱ्याविना चार पोरं वाढवणारी, हाडाची काडं झालेली, जिभेची तिखट. ती मोठ्यानं म्हणाली, "सरकारची सुकडीबी नगं? व्हय बाई, ज्याच्या घरात कुलूप लागतंय त्याला काय कमी!"

तीच सोजरबाई चतुराबाईची पाठ फिरली की जाईला हाक मारी आणि आपल्या पदरातली चिमूटभर सुकडी तिच्या बाहुलीच्या हातावर ठेवी. घरच्या माणसांचा राग पोरावर काढायचा नसतो, हे ती जाणून होती. आणि ती एकटी नव्हती. जाई एकीकडून दुसरीकडं जायची, हात पुढं करायची, गाल वर करून हसायची, आणि त्या उपाशी बायकांपैकी एकीलाही नाही म्हणवत नसे. एकेकीचा घास छोटा, पण बायका पुष्कळ. जाई पुन्हा फुगायला लागली. पुन्हा झोपेत श्वास अडायला लागला. चतुराबाईला कोडं पडलं, मग तिनं एकदा पाटी टाकून परतताना लांबून ते बघितलं. कुणाला बोलणार? ती स्वतः आयुष्यभर हेच करत आली होती.

गावात तोवर बोलणं वाढलं. दुष्काळात पोर गुबगुबीत, घराला कुलूप, म्हणजे चतुराबाईच्या घरात पेव आहे. जमिनीखाली जोंधळा पुरलाय. एका संध्याकाळी कामावरून आल्या आल्या सोजरबाई आणि तिच्यामागं दहा-पाच बाया, दोन म्हातारे दारात उभे राहिले.

"चतुराबाई, कुलूप काढ."

खंडू पुढं झाला. "कुनाच्या घरात शिरताय? लाज हाय का?"

"लाज पोटात गेली बाबा, दुसरं कायच गेलं न्हाई तिथं," सोजरबाई म्हणाली. "आमी लुटाया न्हाई आलो. धान्य असंल तर उसनं दे म्हनाया आलोय. आजवर तुझ्या आईनं कुनाला न्हाई म्हटलं न्हाई. आताच का कुलूप घातलं, त्ये बघू दे."

चतुराबाईनं गळ्यातला दोरा काढला. दार उघडलं आणि चिमणीचा दिवा हातात घेऊन ती बाजूला झाली. बाया आत गेल्या. डब्यात मिलो, तळाशी. कांद्याची एक परडी. तेलाचा शिसा, गुळाचा खडा, पेंडीचं पोतं. वर शिंक्याला टोपलं, त्यात उद्याच्या भाकरी. सारवलेल्या भुईवर एका म्हाताऱ्यानं काठी आपटून बघितली. सगळी भुई सारखीच वाजली. सोजरबाईनं डब्याचं झाकण परत लावलं. तिचा चेहरा उतरला होता.

"हेच? मग कुलूप कुनासाठी?"

"नातीसाठी," चतुराबाई म्हणाली. आणि मग तिनं सगळं सांगितलं. बोंडलं, लुळे हात, पुण्याचा डॉक्टर, गोठ्यातल्या चोरून दिलेल्या भाकरी, पेंडीचं घमेलं. सांगताना काही लपवलं नाही. जाई दारातून आत डोकावून शिंक्याकडं बघत होती आणि मंजुळानं तिला कमरेशी धरून ठेवलं होतं.

"पोट भरल्यालं कळतच न्हाई तिला?" सोजरबाईनं विचारलं.

"न्हाई. माझ्या कुलपानं काय हुतंय? तुमी समद्या देता. मायेनं देता, म्या बघितलंय." चतुराबाईनं हात जोडले. त्या हातांनी आजवर फक्त वाढलं होतं. "म्या जन्मात कुनाकडं काय मागितलं न्हाई. आज मागती. माझ्या पोरीला काय सुदिक दिऊ नगा."

सोजरबाई उसळली. "भुकेल्या लेकराला न्हाई म्हनू? त्ये पाप आमच्या पदरात घालतीस व्हय, चतुराबाई?" आणि ती उत्तराची वाट न बघता निघून गेली. बाकीच्याही एकेक करून पांगल्या. चतुराबाईनं कुलूप लावलं. आपण मागू नये ते मागितलं, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी तळ्यावर सुकडी वाटून झाली. चतुराबाई वरच्या बांधावर पाट्या टाकत होती, पण तिचं सगळं लक्ष खाली होतं. जाई नेहमीसारखी डुलत डुलत सोजरबाईपुढं गेली. हात पुढं केला. गाल वर करून हसली.

सोजरबाईच्या पदरात सुकडी होती. तिनं पदराची गाठ सोडली, पोरीकडं बघितलं, आणि गाठ परत मारली.

"न्हाई," ती म्हणाली.

जाईला कळेना. तिनं पदर ओढला. "मावशे, वाईस."

"न्हाई म्हनलं ना. संपलं."

जाई रडायला लागली, मातीत बसली, पाय घासले. मग उठून शेजारच्या बाईकडं गेली. तिनं मान फिरवली. तिसरीनं डोळ्यांवर पदर ओढला. एकीचा हात पुढं आला होता, तर सोजरबाई तिच्यावर खेकसली, "ए! हात मागं घे!" पोर रांगेतल्या शेवटच्या बाईपर्यंत जाऊन आली आणि रडत रडत परत सोजरबाईच्याच मांडीवर डोकं टेकून बसली. सोजरबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. स्वतः तिनं घास तोंडात घातला नाही. कुणीच घातला नाही. मग एक बाई उठली आणि मुरमाच्या ढिगाऱ्यामागं गेली. ती तोंड पुसत आली तेव्हा दुसरी गेली. सकाळपासून खडी वाहिलेल्या त्या बाया, दुष्काळातला आपला हक्काचा घास, चोरासारखा लपून, घाईघाईनं गिळून येत होत्या, एका पोरीच्या नजरेला पडू नये म्हणून.

चतुराबाई बांधावरून उतरली. सोजरबाईपाशी येऊन ती वाकली आणि तिनं तिच्या पायांना हात लावला.

"अगं ए, काय करतीस!" सोजरबाई पाय ओढून घेत म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ते तिला दाखवायचे नव्हते. "पायाबिया नगं पडू. लेकराला न्हाई म्हनलं म्या आज. आता घास उतरायचा न्हाई घशाखाली."

"माझाबी उतरत न्हाई गं," चतुराबाई म्हणाली.

आजीचा आवाज ऐकून जाईनं मांडीवरचं डोकं वर केलं. गालांवर माती आणि आसवं एक झाली होती. "आजी," तिनं सगळ्या बायांकडं बोट दाखवून गाऱ्हाणं केलं, "मला कुनीच काय दिलं न्हाई."

चतुराबाईनं तिला उचलून पोटाशी धरलं. "व्हय गं माझे बाय," ती म्हणाली. "लई उपकार झालं समद्यांचं आपल्यावर."